वायरमनचं लायसन ते टेस्ट रिपोर्टवरची सही: नव्या वीजतंत्र्यासाठी वाटाड्या

जून उजाडला की दर आठवड्याला एखादा बाप पोराला घेऊन माझ्या दुकानात येतो. प्रश्न ठरलेला: "याला वायरमनचं लायसन काढायचंय, किती लागतील?" किती लागतील ते सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण त्या लायसनवर काय करता येतं, काय करता येत नाही आणि कुठल्या कागदावर सही केली की मान अडकते, हे सांगण्यात अख्खी दुपार जाते. ती दुपार एकदाच लिहून काढतोय. लिहिलंय ते महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून. गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात कायदा तोच आहे, परवाना देणारं मंडळ मात्र त्या त्या राज्याचं असतं.

एक नियम, तीन माणसं

आधी शब्दांचा गुंता. गावात 'वायरमन' म्हटलं की लोकांना खांबावर चढणारा महावितरणचा माणूस आठवतो. वीज मंडळाचं २००५ मध्ये विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या, तरी बिल अजून 'एमएसईबीचं'च येतं. परवान्याच्या भाषेत वायरमन म्हणजे तारतंत्री: ग्राहकाच्या जागेत, मीटरच्या पुढे वायरिंग करणारा. आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री असे दोन वेगळे ट्रेड आहेत, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

आता नियम. वीज अधिनियम २००३ च्या कलम ५३ मध्ये सुरक्षेची तरतूद आहे. त्याला धरून केंद्रीय विद्युत प्राधिकरण सुरक्षा आणि वीजपुरवठ्याचे विनियम काढतं. आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. त्यांतलं आपल्या पोटापाण्याचं वाक्य साध्या मराठीत असं: ग्राहकाच्या जागेतलं वायरिंगचं काम, मग ते नवं असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, परवानाधारक ठेकेदारानेच घ्यायचं. ते सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली करायचं. आणि तारेला हात लावणाऱ्याकडे परमिट हवं.

ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री हे तिघे या एकाच नियमातून आलेत. पोरांना वाटतं ही शिपाई, हवालदार, फौजदार अशी बढतीची शिडी आहे. तसं नाही. तारतंत्री हाताने काम करतो, पर्यवेक्षक ते बरोबर झालंय की नाही याची जबाबदारी घेतो आणि ठेकेदार ग्राहकाला व वीज कंपनीला उत्तर देतो. लहान गावात हे तिन्ही कागद एकाच घरात, कधी एकाच माणसाच्या खिशात असतात, तरी जबाबदाऱ्या तीनच राहतात.

नियमाला सवलतही आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच किंवा २५० व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण जसंच्या तसं बदलायला परवाना लागत नाही, पण त्या बदलाने लोड किंवा वायरिंगचं स्वरूप बदलता कामा नये. खराब झालेला ६ अँपिअरचा सॉकेट बदलला तर चालेल. त्याच जागी त्याच तारेवर गीझरसाठी १६ अँपिअरचा बसवला तर तुम्ही सवलतीच्या बाहेर गेलात, आणि थोड्याच दिवसांत त्या बोर्डातून जळका वासही येईल.

पायरी पहिली: आयटीआय

सरकारी किंवा खासगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री ट्रेड दोन वर्षांचा आहे. त्यासाठी दहावी पास लागते, आणि दहावीला विज्ञान व गणित हवेत. तारतंत्री ट्रेडही दोन वर्षांचा आहे, त्याला आठवी पासवर प्रवेश मिळतो. राज्यातले प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय ऑनलाइन राबवतं. दहावीचा निकाल लागताच अर्ज भरा, कारण शहरांमध्ये वीजतंत्रीच्या जागा पटकन भरतात.

दोन्हींपैकी कुठला घ्यावा? माझं मत सरळ आहे: दहावीला विज्ञान-गणित असेल तर वीजतंत्री. त्यात मोटर, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर, कंट्रोल पॅनल असं सगळं येतं, पुढे कारखान्यात जायचं ठरलं तरी अडत नाही. तारतंत्री ट्रेडवाल्याचा हात वायरिंगवर लवकर बसतो. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत या दोनपैकी कुठलाही ट्रेड चालतो. पण भरतीची वाट बघत चार वर्षं घरी बसलेली पोरंही मी पाहिली आहेत. तेवढ्या वेळात परवाना काढून दोन-तीनशे घरांची वायरिंग झाली असती.

आयटीआयमध्ये असताना एक करा. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवू नका. मेगर (तारेचं आवरण तपासणारा), क्लॅम्प मीटर (तार न तोडता करंट मोजणारा) आणि अर्थ टेस्टर (अर्थिंगचा रोध मोजणारा) ही तीन यंत्रं स्वतः हाताळल्याशिवाय बाहेर पडू नका. बाहेर ती शिकवायला कुणाला वेळ नसतो, आणि विकत घ्यायला तुमच्याकडे सुरुवातीला पैसे नसतात.

पायरी दुसरी: शिकाऊ उमेदवारी

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ खाली आयटीआयनंतर कारखान्यात, महावितरणमध्ये किंवा एसटीच्या कार्यशाळेत उमेदवारी करता येते. वीजतंत्रीसाठी ती साधारण एक वर्षाची असते. शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. विद्यावेतन फार नसतं, हे खरं आहे. पण बंद केलेल्या स्विचला कुलूप (लॉक) आणि सूचनेची चिठ्ठी (टॅग) लावून काम कसं करतात, त्या कामाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पॅनल का उघडत नाहीत, हे मोठ्या कारखान्यातच बघायला मिळतं. घरगुती कामात ती शिस्त कुणी शिकवत नाही.

पायरी तिसरी: तारतंत्री परवाना

राज्यात परवाने ऊर्जा विभागाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडचं अनुज्ञापक मंडळ देतं. तारतंत्रीचा परवाना दोन वाटांनी मिळतो. आयटीआयचं मान्य प्रमाणपत्र असणाऱ्यांना मंडळाच्या परीक्षेतून सूट घेऊन थेट अर्ज करता येतो. ज्यांनी आयटीआय केलेलं नाही पण वर्षानुवर्षं मिस्त्रीच्या हाताखाली काम केलंय, त्यांच्यासाठी मंडळाची परीक्षा आहे. गावाकडची किती तरी जुनी, हुशार माणसं या दुसऱ्या वाटेने आली आहेत. त्यांचं अक्षर बघून हसू नका.

अर्ज ऑनलाइन भरायचा. कागद जमवताना नेहमी एकाच ठिकाणी घोटाळा होतो, तो म्हणजे नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर तिसरंच नाव असतं. बापाच्या नावात 'राव' कुठे आहे, कुठे नाही. अर्ज भरण्याआधी हे जुळवून घ्या, नाहीतर हेलपाटे ठरलेले. अनुभवाचा दाखला लागत असेल तर ज्या ठेकेदाराकडे खरंच काम केलंय त्याचाच आणा. दाखल्यावरच्या तारखा तुमच्या आयटीआयच्या काळाशी भिडत असतील तर तपासणाऱ्याच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येतं.

परवाना हाती आल्यावर त्यावरची मुदत वाचा आणि मोबाइलमध्ये तीन महिने आधीची आठवण लावून ठेवा.

पायरी चौथी आणि पाचवी: पर्यवेक्षक, मग ठेकेदार

पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्रासाठी इलेक्ट्रिकल पदविका किंवा पदवीधारकांना परीक्षेतून सूट मिळते, बाकीच्यांना परीक्षा. अनुभवाची अट शिक्षणाप्रमाणे बदलते. परीक्षेची तयारी करताना एक खबरदारी घ्या. बाजारातल्या जुन्या गाइडांमध्ये अजून भारतीय विद्युत नियम १९५६ चे नियम क्रमांक छापलेले असतात. आशय बराचसा तोच असला तरी ते नियम आता इतिहासजमा झालेत. गाइड वाचा, पण शेजारी २०२३ चे विनियम उघडे ठेवा.

ठेकेदाराच्या अनुज्ञप्तीसाठी स्वतः पर्यवेक्षक असावं किंवा पर्यवेक्षक आणि तारतंत्री कामावर ठेवावेत. चाचणीची यंत्रंही दाखवावी लागतात. इथेच या धंद्यातला सर्वात जुना रोग भेटतो: भाड्याने दिलेलं लायसन. एकाच्या नावावर अनुज्ञप्ती, काम दुसऱ्याचं, आणि टेस्ट रिपोर्टच्या कोऱ्या छापील फॉर्मांवर आधीच मारलेल्या सह्या. महावितरणचं नवं कनेक्शन घ्यायचं तर वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. ग्राहकाला तो शंभर कागदांतला एक कागद वाटतो. त्या फॉर्मवर सही करणारा म्हणत असतो, "या घराची वायरिंग मी तपासली, यात वीज सोडायला हरकत नाही."

मीही एकदा असा घसरलो आहे. परवाना नवा होता, शेतातलं घर होतं, अंतर लांब होतं आणि माझ्याकडचा मेगर दुसऱ्या साइटवर होता. मालक ओळखीचा. म्हटलं, वायरिंग आपल्याच पोरांनी केलीय, काय बघायचं! सही केली. पावसाळ्यात मालकाचा फोन आला, बाथरूमचा नळ झिणझिण्या देतोय. जाऊन बघितलं तर गीझरच्या सॉकेटची हिरवी, म्हणजे अर्थची तार बोर्डाच्या मागे व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली, पलीकडे कशालाच जोडलेली नाही. कुणाला काही झालं नाही, हे माझं नशीब. पुढे लिहिलेली सगळी तपासणी मी त्या नळानंतर शिकलो.

घराच्या वायरिंगमध्ये कोड म्हणजे नक्की काय

आपल्याकडे 'कोड' म्हणून एकच पुस्तक नाही. विनियम हा कायदा झाला. तो पाळायचा कसा, हे भारतीय मानकं सांगतात. वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३, आणि या सगळ्यांचा एकत्र संग्रह म्हणजे राष्ट्रीय विद्युत संहिता, एसपी ३०, जिची ताजी आवृत्ती २०२३ ची आहे. भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की मानकं फुकट उतरवून घेता येतात. माझ्या काळी झेरॉक्सची झेरॉक्स वाचावी लागायची.

यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी मात्र सांभाळा. तिकडे काळी तार फेज (वीज आणणारी) आणि पांढरी न्यूट्रल (ती परत नेणारी). आपल्याकडे काळी न्यूट्रल असते, तर लाल, पिवळी, निळी हे तीन फेज. हे लक्षात राहिलं नाही तर पहिलाच धडा जीवघेणा ठरेल. उपकरणांच्या कॉर्डमध्ये आणखी वेगळं असतं: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. म्हणजे निळी तार भिंतीत फेज असते आणि मिक्सरच्या कॉर्डमध्ये न्यूट्रल. रंगावर कधीच विसंबू नका, टेस्टरने बघा.

लोड काढणं. उपकरणं ठरलेली नसतील तेव्हा संहितेत अंदाजासाठी आकडे दिलेत: दिव्याचा पॉइंट ६० वॅट, पंखा ६०, ६ अँपिअरचा सॉकेट १००, १६ अँपिअरचा १००० वॅट. दोन बेडरूमच्या घरात समजा १२ दिवे, ४ पंखे, १० छोटे सॉकेट आणि ४ पॉवर सॉकेट आहेत. ७२० अधिक २४० अधिक १००० अधिक ४०००, झाले ५९६० वॅट. २३० व्होल्टने भागलं तर जवळपास २६ अँपिअर. सगळं एकाच वेळी चालणार नाही, हे धरूनही मेन केबल आणि मंजूर भार यांचा विचार इथून सुरू होतो. घरमालक म्हणतो, "एसी नाही लावायचा." त्याच्याकडे लक्ष देऊ नका. पाच वर्षांत लागतो. पाइप आणि डीबीत (घरभर वीज वाटणाऱ्या मुख्य बोर्डात) जागा आजच ठेवा.

सर्किट. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या आत हवा, ही मानकातून आलेली जुनी रीत आहे. पॉवरच्या एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत. मी गीझर, एसी आणि स्वयंपाकघराचा ओटा यांना प्रत्येकी स्वतंत्र लाइन देतो. तारा तांब्याच्या, आयएसआय शिक्क्याच्या: दिव्यांना दीड एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर), सॉकेटला अडीच, गीझर-एसीला चार. जुने मिस्त्री अजून 'तीन-वीस', 'सात-वीस' असं म्हणतात. त्यांच्याशी बोलताना तोच शब्द वापरा, पण खरेदीच्या यादीत चौरस मिलिमीटर लिहा. दुकानदार ९० मीटरच्या बंडलवर सूट सांगताना बिनशिक्क्याचं बंडल पुढे सरकवतो, तेव्हा वजन करून बघा. तांबं कमी असेल तर हातालाच कळतं.

एमसीबी तारेसाठी, आरसीसीबी माणसासाठी

हा भाग सावकाश वाचा. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ पोरांचा इथेच गोंधळ असतो.

एमसीबी, म्हणजे जादा करंट झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच, तार जळू नये म्हणून असते. दीड एमएमच्या लाइनवर ६ किंवा १० अँपिअर, अडीचला १६, चारला २० अशी जोडी सांभाळा. "एमसीबी सारखी पडते" म्हणून मोठी बसवणं म्हणजे तारेचं संरक्षण काढून घेणं. एमसीबीवरच्या बी, सी, डी या अक्षरांचा अर्थ झटक्यात पडायला तिच्या अँपिअरच्या किती पट करंट लागतो एवढाच आहे: बी ३ ते ५ पट, सी ५ ते १० पट, डी १० ते २० पट.

आता हिशेब करा. गीझरच्या टाकीला फेज लागला आणि अर्थिंग जोडलेलं आहे. जमिनीतून परत जाणाऱ्या वाटेचा एकूण रोध समजा ५ ओहम आहे. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. सी-१६ एमसीबीला झटक्यात पडायला १६० अँपिअरपर्यंत करंट लागू शकतो. ४६ अँपिअर म्हणजे जेमतेम पावणेतीन-तीन पट. मानकाप्रमाणे २.५५ पट करंटला एमसीबी पडायला १ ते ६० सेकंद घेऊ शकते. तेवढा वेळ नळावर वीज उभी असते आणि खाली कुणीतरी बादली भरत असतं.

आरसीसीबी जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमधला फरक मोजते. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की ती ०.३ सेकंदाच्या आत तोडते, फरक पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. घरगुती जोडणीसाठी अशा यंत्राची कमाल मर्यादा ३० मिलिअँपिअर असावी, हे विनियमातच आहे. तरीही घराघरांत आरसीसीबी 'काढून टाकलेली' दिसते. कारण एकच: ती पडायची.

ती का पडते, ते शोधणं हीच कारागिरी. आपल्याकडचा नेहमीचा गुन्हेगार इन्व्हर्टर. इन्व्हर्टरच्या लाइनचा फेज वेगळा घेतात आणि न्यूट्रल मात्र जवळच्या बोर्डातून उचलतात. करंट एका वाटेने जातो, परत दुसऱ्याच वाटेने येतो. आरसीसीबीला वाटतं गळती आहे, ती पडते. उपाय म्हणजे प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळा ठेवणं आणि डीबीत त्यावर खूण करणं. दुसरा संशयित म्हणजे पाणी शिरलेला बाहेरचा दिवा किंवा बोअरच्या पंपाची केबल. एकेक एमसीबी पाडत गेलात की अर्ध्या तासात सापडतं. पण एमसीबी फक्त फेज तोडणारी असेल तर न्यूट्रलही सोडवून बघावा लागतो, हे विसरू नका.

अर्थिंग

आयएस ३०४३ नुसार पाइप अर्थिंगचा पाइप अडीच मीटर लांब हवा, इमारतीपासून किमान दीड मीटर दूर. प्लेट अर्थिंगची प्लेट निदान ६० सेंटिमीटर चौरस, तांब्याची असेल तर ३.१५ मिलिमीटर जाड, जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असेल तर ६.३. पण जमीन कुठली आहे हे पुस्तक सांगत नाही. काळ्या मातीत ओल टिकते, आकडा चांगला येतो. कोकणातल्या जांभ्यावर किंवा माळाच्या कातळावर एका पाइपने भागत नाही. दुसरा घ्यावा लागतो, तोही पहिल्यापासून पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, नाहीतर दोघं एकाच मातीवर भांडत बसतात. मोजमाप मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं असतं.

खड्ड्यात मीठ-कोळसा टाकल्याचा फोटो काढून ग्राहकाला पाठवणं आता फॅशन झालीय. फोटो पाठवा, पण पाइपापासून गीझरच्या सॉकेटपर्यंत हिरवी तार सलग आहे का, ते मल्टिमीटरने बघा. माझा नळ आठवा.

वीज सोडण्याआधीची तपासणी, याच क्रमाने

पहिल्यांदा मेन बंद असताना अर्थची सलगता बघा, प्रत्येक सॉकेटपासून डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत.

मग मेगर. बल्ब, पंखे, इन्व्हर्टर, एलईडीचे ड्रायव्हर, डोअरबेल सगळं काढा किंवा वेगळं करा, नाहीतर ५०० व्होल्टने कुणाचा तरी सेट-टॉप बॉक्स जाईल आणि भरून तुम्ही द्याल. सगळे स्विच चालू, एमसीबी वर. फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थशी ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट लावा. किमान १ मेगाओहम यायलाच हवा. नव्या घरात त्याहून कितीतरी जास्त येतो. १.२ आला म्हणून खूश होऊ नका, कुठेतरी पाइपात पाणी आहे किंवा खिळा तारेला लागलाय.

त्यानंतर पोलॅरिटी. स्विच फेजवरच आहे ना? सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे आणि अर्थ वर. न्यूट्रलवर स्विच टाकलेल्या घरात दिवा बंद होतो, पण होल्डर जिवंत राहतो.

आता पहिली वीज सिरीज लॅम्पमधून, म्हणजे लाइनच्या मध्ये ओळीत जोडलेल्या बल्बमधून सोडा. लॅम्प पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो तुम्हाला धूर न काढता कळला. सगळं ठीक असेल तर थेट लाइन द्या, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा आणि ग्राहकाच्या हातूनही एकदा दाबून घ्या. दर महिन्याला दाबायला सांगा. शंभरातले पाच दाबतात, पण सांगा.

दुरुस्तीला गेलात तर आणखी एक धडा. मेन पाडली म्हणजे घर मेलं असं समजू नका. इन्व्हर्टर आतून वीज सोडत असतो. छतावर सोलर असेल तर पॅनलकडून येणाऱ्या डीसी तारा दिवसभर जिवंतच असतात, मेन पाडल्याने त्यांना काही होत नाही. टेस्टर आधी जिवंत जागी लावून तो चालतोय याची खात्री करा, मग कामाच्या जागी लावा, आणि परत एकदा जिवंत जागी. निऑनच्या दहा रुपयांच्या टेस्टरवर जीव टांगू नका.

परवान्यानंतरचं शिकणं

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत परवाना नूतनीकरणासाठी ठरावीक तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. तिथला कोड दर तीन वर्षांनी बदलतो, म्हणून. आपल्याकडे नूतनीकरणाच्या अर्जात 'नवीन काय शिकलात' असा रकाना नसतो. पण काम बदललं की ग्राहकच परीक्षा घेतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि गल्लीगल्लीत छतांवर पॅनल चढले. डीसीच्या (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) ठिणगीचं वागणं एसीपेक्षा (दिशा बदलत राहणाऱ्या घरच्या विजेपेक्षा) वेगळं असतं. एसीमध्ये करंट दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. डीसीत ती टिकून राहते. म्हणून एसीची एमसीबी डीसीवर लावायची नाही. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र अभ्यासक्रम याच कामासाठी आहे आणि आयटीआयवाल्यांना तो जमतो. शेतकऱ्यांकडे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचे पंप लागलेत, त्यांची दुरुस्ती गावातच करणारा माणूस लोक शोधत फिरतात.

दुसरा विषय इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ज्याचा त्याचा चार्जर लागायला लागलाय. चार्जरच्या लाइनवर साधी 'एसी' प्रकारची आरसीसीबी पुरेशी नसते, कारण गळतीत डीसीचा अंश असला की ती आंधळी होऊ शकते. 'ए' प्रकारची आरसीसीबी लागते. त्यातही चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखण्याची सोय आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा. चार्जर तासन्‌तास पूर्ण भाराने चालतो, त्यामुळे गीझरसाठी चालून गेलेला सैल स्क्रू इथे रात्रीत वितळतो.

आणि अपघात झालाच तर? जीवघेण्या अपघाताची खबर २४ तासांत विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते. जागेवरचं काही हलवू नका. कोण चूक, कोण बरोबर हे ठरवायला निरीक्षक आहे. आपण पहिल्यांदा वीज तोडायची, मग माणसाला हात लावायचा.

पहिला टेस्ट रिपोर्ट द्याल तेव्हा त्याची एक प्रत स्वतःच्या फाइलला लावा. त्यावर मेगरचा आकडा, अर्थचा रोध, मोजल्याची तारीख, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, आणि डीबीत एमसीबीच्या किती जागा रिकाम्या ठेवल्या ते पेनाने लिहा. पाच वर्षांनी त्या घरात एसी लावायला तुम्हालाच बोलावतील. घरमालकाला काही आठवत नसेल, तुमची फाइल उघडली की सगळं सापडेल.